पाइपला सांगा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बाथरूम तुंबलं. आंघोळ उरकेपर्यंत पाणी घोट्याच्या वर. प्लॅस्टिकचा मग तरंगत तरंगत उंबऱ्यापर्यंत आला. मी म्हटलं, प्लंबरला बोलवा. झालं! "मी घरात असताना प्लंबर?" — जणू मी दुसरा नवरा करते म्हटलं.

ह्यांची अख्खी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. त्यामुळे जगात जे जे वर-खाली जातं ते सगळं आपल्याला कळतं असा समज. म्हणाले, लिफ्टला वरही जायचं असतं, पाण्याला नुसतं खाली जायचंय, म्हणजे निम्मंच काम. मी स्वयंपाकघरात निघून आले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

बाथरूमच्या दाराला पाटी — 'काम चालू आहे. वापर करू नये.' निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून उचलून आणलेली. घरात माणसं दोन. एक पाटी लावणारं, दुसरं वाचणारं!

जाळी काढली. जाळीखाली एक वाटी असते, तिच्यात पाणी राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. हे मला आज कळलं, कारण ह्यांनी वाटी काढली आणि वास वर आला. मग माझ्या साडीचा हँगर सरळ करून त्याची तार आत घातली. केसांचा हा एवढा गुंता बाहेर आला. तो उजेडात धरून मला बोलावलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, त्यामुळे या बाबतीत हे कायमचे निर्दोष.

पाणी मात्र गेलं नाही. नुसतं गुळुक केलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मोरी गेली खड्ड्यात. धाकटी जाणार!

गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने सांगितलं. महिनाअखेरीला ट्रक येणार. खालचं घर बंद करून दोघं कायमची मुलीकडे. धाकटी म्हणजे माझी जाऊ, ह्यांच्या भावाची बायको, खालच्या मजल्यावर राहते. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला अधिकृत बंदी आहे. म्हणून आम्ही मध्ये एक ओली चादर वाळत घालतो — ती तिकडून, मी इकडून. कुणी बघितलंच, तर दोघी आपापल्या कपड्यांशी बोलतोय.

अबोला भावाभावांचा. चार वर्षं झाली. आणि कारण काय, तर शिडी! भाऊजींनी पडदे लावायला आमची शिडी नेली होती. पडदे झाल्यावर तीच शिडी लावून ते माळ्यावर चढले, जुन्या सामानात काहीतरी शोधायला. नेमकी तेव्हाच ह्यांना शिडी हवी झाली. हे खाली गेले, शिडी दिसली, खांद्यावर टाकली, घेऊन आले. वर कुणी आहे का, बघितलंच नाही. संध्याकाळी धाकटी घरी येईपर्यंत भाऊजी माळ्यावर, जुन्या गाद्यांवर बसून. हाक मारली नाहीत का म्हणून तिने विचारलं, तर म्हणाले, ज्याने नेली तो आणून देईल म्हणून वाट बघत होतो. जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सोडवणाऱ्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला माळ्यावर अडकवून ठेवलं!

एक 'चुकलं' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण हे म्हणतात, त्याने आवाज द्यायला हवा होता. भाऊजी म्हणतात, दादाने वर बघायला हवं होतं. दोघांचंही बरोबर आहे, तीच तर पंचाईत.

धाकटी सांगत होती, भाऊजींना खरं तर जायचं नाहीये. मुलीकडे त्यांना आठवड्याच्या वर करमत नाही. पण सारखं एकच पालुपद — इथे आपल्याला 'थांब' म्हणणारं आहे कोण? ते एकच माणूस एकदा 'थांब' म्हणालं तर ट्रक रिकामा परत जाईल.

ते एक माणूस आत हँगर घेऊन बसलंय.

चादरीलाच डोळे पुसले. धाकटी गेली तर मी बोलू कुणाशी? ह्यांच्याशी?

शनिवार, ७ फेब्रुवारी

जेवताना खडा टाकून बघितला. म्हटलं, खालचे जातायत, कायमचे. "कोण खालचे?" म्हणाले. मग उठले ते सरळ बाथरूममध्ये, आणि बाजारातून आणलेला रबरी पंप असा काही मारत सुटले की भिंतीवरचा आरसा हलायला लागला.

आणि गेलं की पाणी! भस्सकन गेलं. हे छाती काढून बाहेर आले. पाटी उतरवली. चहा मागितला. चहाचा पहिला घोट घेतला आणि खालून धाकटीची किंकाळी.

आमचा बोळा सरकून खालच्या वळणात जाऊन बसला. दोन्ही घरांना पाइप एकच. त्यामुळे आमचं सगळं पाणी आता त्यांच्या बाथरूममधून वर येतंय. आमचे साबण, आमचे केस, सगळं.

पाटी परत लावली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. म्हणून इथे.

सकाळपासून हे मोरीपाशी गुडघे टेकून. जाळी काढलेली, वाटी काढलेली, नाकाला रुमाल. तार आत जाईना तेव्हा चिडून मोरीत तोंड घालून म्हणाले, "काय हट्टी आहेस रे!"

मोरीतून उत्तर आलं. "हट्टी कोण आहे ते सगळ्या घराला ठाऊक आहे."

हे असे दचकून मागे सरकले की बादलीत बसले. मला हसू आवरेना, पण बादलीतून उठायला आधी हात दिला.

झालं होतं असं की, खाली भाऊजीही वाटी काढून मोरीपाशीच बसले होते. मधला पाइप मोकळा, बोळा त्याच्याही खाली. इकडे कुजबुजलं तरी तिकडे ऐकू जातं. चार वर्षांत पहिल्यांदा भावाचा आवाज कानावर पडला आणि तो गटारातून!

आता दोघांचीही अडचण. बोलावं तर अबोला मोडतो, न बोलावं तर मोरी तुंबलेली राहते. हे बराच वेळ टक्कल खाजवत बसले. मग मोठ्याने, खालपर्यंत जाईल अशा आवाजात मला सांगितलं की मी कुणाशी बोलत नाहीये, मी पाइपशी बोलतोय. खालून लगेच आलं, आपणही पाइपशीच बोलतोय.

दोन्हीकडची अब्रू शाबूत. कामाला सुरुवात.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

रोज बैठक. चहा झाला की हे पाट घेऊन आत जातात. खाली भाऊजी बादली उलटी टाकून बसतात, असं धाकटीने सांगितलं. भाऊजी दातांचे डॉक्टर. आता दवाखाना बंद केलाय, पण सवय जात नाही. मोरीचा दातच केलाय त्यांनी. आधी मूळ कुठे आहे ते बघा, घाईने खरवडू नका, बाजूला सूज आहे का! काल त्यांचा तो लांब दांड्याचा बारका आरसा धाकटीने चादरीखालून माझ्याकडे सरकवला. हे तो मोरीत घालून, एका हातात टॉर्च धरून वाकून बघत होते. काय दिसतंय म्हणून खालून चौकशी. अंधार दिसतोय, म्हणून वरून उत्तर.

हे त्यांना उलट लिफ्टच्या भाषेत सांगतात. भार किती, दोर कुठला, आणीबाणीत काय करायचं. दोघांनाही एकमेकांचं काडीचं कळत नाही, पण तासभर चालतं.

घरात मात्र राहवत नाही इतका वास. दोन्ही वाट्या काढलेल्या. मी आंघोळ घमेल्यात उभी राहून करते आणि ते पाणी मागच्या झाडांना घालते. ह्यांना म्हटलं, निदान दोन बैठकांच्या मध्ये तरी वाटी बसवा. तर म्हणाले, पाइपला काही सांगायचं असेल तर?

रात्री जेवताना आपणहून बोलले. म्हणाले, पाइपचा गुडघा दुखतोय. जिना उतरताना जास्त. मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? गरम पाण्याने शेक म्हटलं, म्हणाले. आणि भात कालवत बसले.

मी कधी इतक्या आनंदाने नाक दाबून जेवले नव्हते.

रविवार, १५ फेब्रुवारी

घात झाला. मोरी मोकळी झाली.

दोघांनी मिळून केली, तेच वाईट. वरून ह्यांनी सोडा घालून कढत पाणी ओतायचं, खालून भाऊजींनी त्याच क्षणी पंप मारायचा. सोड! सोडलं! मार! मारला! — अर्धा तास नुसता गोंधळ. आणि मग पोटातून यावा तसा एक आवाज आला आणि सगळं पाणी निघून गेलं. वर हे ओरडले, खाली भाऊजी ओरडले. ह्यांनी तर आनंदाने पंपच हवेत उडवला.

मग दोन्हीकडे कुणीच काही बोलेना. बोलायला आता तुंबलेलं काही नव्हतं ना!

"झालं तर मग," हे मोरीत म्हणाले.

"झालं," खालून आलं.

हे आणखी थोडा वेळ तसेच वाकून होते. मग वाटी बसवली, वर जाळी ठेवली, हात धुतले. जेवण अर्धं टाकून उठले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज ह्यांनी तीनदा आंघोळ केली. दर वेळी पाणी जाताना उभं राहून बघतात. म्हणाले, फार भराभर जातंय, मला हे लक्षण बरं दिसत नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

तुंबलं! पुन्हा तुंबलं!

हे शीळ घालत पाटी लावत होते. वाटी काढून आधीच कोपऱ्यात ठेवलेली. खालून भाऊजींचाही आवाज, आमच्याकडेही पाणी चढलंय म्हणून, लग्नघरातल्या माणसासारखा खूश. मी फरशी पुसायला म्हणून ह्यांचा जुना बनियन शोधायला गेले. फडक्यांच्या टोपलीत नाही. वाळत नाही. कुठेच नाही.

गच्चीवर गेले तर चादरीपलीकडून धाकटी दबक्या आवाजात सांगतेय की दवाखान्यातून आणलेल्या कापसाचं अख्खं भेंडोळं नाहीसं झालंय. मी तिला बनियनचं सांगितलं. मग ज्या हसत सुटलो! हसता हसता मी चादर ओढली, चिमटे सुटले आणि चादर खाली पडली. चार वर्षांनी आम्ही एकमेकींच्या समोर. ती बारीक झालीय. केस पिकलेत. मी तसं म्हटलं तर म्हणाली, आणि तुम्ही काय सोळा वर्षांच्या दिसताय का, वहिनी? मग रडलो. मग चादर परत लावली.

म्हणजे दोन्ही गाढवांना बोलायचंय. फक्त पाइपशिवाय येत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

बैठका जोरात, पण मुद्द्याचं एकही अक्षर नाही. खाली खोकी बांधून झाली. राहिले फक्त पडदे. धाकटी सांगते, भाऊजी दवाखान्यातून घरी आणलेल्या पेशंटच्या खुर्चीवर उभे राहून पडदे काढतायत. ती खाली पायाने दट्ट्या मारते, खुर्ची त्यांना घेऊन हळूहळू वर जाते. मी हे मुद्दाम ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांचा चेहरा पडला. "पडेल तो," म्हणाले. पाइप नाही म्हणाले, 'तो' म्हणाले! मी ताटावरून मान वर केली नाही.

दुपारी मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी होते. हे मोरीत म्हणाले, पाइपने या वयात उंचावर चढू नये.

मग खालून, अगदी हळू — "पाइपकडे शिडी नाही."

आता बोला ना! आता तरी! मी दाराची कडी घट्ट धरून उभी. हे नुसते मोरीकडे बघत बसले. शेवटी काय विचारलं असेल? पाण्याची पातळी किती आहे!

दाराला डोकं आपटावंसं वाटलं.

रविवार, २२ फेब्रुवारी

आता खरंच तुंबलंय. नाटक संपलं. सोडा झाला, कढत पाणी झालं, पंपाचा दांडा मोडला. दोन्ही बाथरूममध्ये काळं पाणी. दोघंही घाबरलेत, कारण आत काय आहे ते प्रत्येकाला आपापल्यापुरतं माहीत आहे. प्लंबर म्हटलं की दोघंही नको म्हणतात — वरून एकदा, खालून एकदा.

धाकटीने आणि मी चादरीआडून ठरवलं. घर अशा अवस्थेत टाकून ती जाणार नाही. प्लंबर बोलावला.

बुधवार, २५ फेब्रुवारी

प्लंबर आला. घरामागच्या अंगणात जमिनीत चौकोनी झाकण आहे, ते उचललं, आणि त्याच्या त्या लांब स्प्रिंगच्या यंत्राने पाइपात फिरवायला लागला. हे मागच्या दाराने बाहेर आले. भाऊजीही आले. दोघं त्या खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे. एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून दोघंही खड्ड्यात बघत होते.

स्प्रिंग अडकली. प्लंबरने ओढलं, आणखी ओढलं आणि निघालं बाई एकदाचं. आमचा बनियन आणि त्यांचा कापूस. असे एकमेकांत गुंतलेले की कुठे एक संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो ते कळेना. प्लंबरने ते काठीवर धरलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

मी आणि धाकटी मागच्या दारात.

"कापूस माझा," हे म्हणाले.

"बनियन माझा," भाऊजी म्हणाले.

ह्यांनी जन्मात कापूस विकत घेतला नाही. आणि तो बनियन भाऊजींना घातला तर त्यात आणखी एक भाऊजी मावतील. पण दोघंही ताठ मानेने उभे, एकमेकांचा गुन्हा अंगावर घेऊन. प्लंबरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. म्हणाला, कुणाचंही असो, परत टाकू नका. दोघांनी एकदमच मान हलवली.

मला वाटलं, आता. आता एक पाऊल पुढे टाकतील. प्लंबरने झाकण लावलं. हे वर आले. भाऊजी आत गेले.

प्लंबरने जाताना दोन्ही वाट्या घट्ट बसवल्या, पाणी भरलं. म्हणाला, आता वास नाही आणि आवाजही नाही, निश्चिंत राहा. इतकं रडू आलं मला, त्याला वाटलं मी बिलावरून रडतेय.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

उद्या ट्रक.

आज ह्यांना तोंडावर विचारलं. म्हटलं, एक शब्द आहे. दोन अक्षरी. म्हणून टाका ना. तर म्हणतात, मी कोण सांगणारा? त्याची मुलगी आहे, त्याचं घर आहे. म्हटलं, तुम्ही दादा आहात. म्हणाले, दादा म्हटलंय का त्याने चार वर्षांत एकदा तरी?

हात टेकले. मीही आजपासून ह्यांच्याशी अबोला धरला. चहा झाल्यावर किटलीला सांगितलं की चहा झालाय.

संध्याकाळी चादर न लावताच धाकटीशी बोलत बसले. आता लपवायचं कुणापासून? तिने तिची कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी मला दिली. तिकडे तिला गच्चीच नाहीये.

शनिवार, २८ फेब्रुवारी

दारात ट्रक उभा. मी खिडकीत. हे उठून बाथरूममध्ये गेले. पाटी लावली नाही. जाळी काढल्याचा आवाज आला, मग वाटीचा. मी जाऊन दाराशी उभी राहिले. हे गुडघ्यांवर.

"छोट्या, थांब रे. जाऊ नकोस."

काही नाही.

"चुकलं माझं. वर बघायला हवं होतं."

काहीच नाही. मोरी स्वच्छ, कोरडी, गप्प. मी चप्पल न घालताच जिना उतरले. खालचं घर रिकामं, खिडक्या उघड्या बोडक्या. भाऊजी बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसलेले. मोरीतली वाटी काढून हातात धरलेली, कधीपासून कोण जाणे. डोळे भरलेले. मला बघून बाहीने पुसले.

म्हणाले, "वहिनी, पाइपला सांगा, शिडी घेऊन ये. पडदे परत लावायचेत. आणि मी खाली उतरेपर्यंत धरून उभा राहा म्हणावं."